कपॅसिटरवरची तार कोणी काढली?

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आपल्या हौशी रेडिओ मंडळाचे सभासद, त्यांच्यापायी घरभर वायरी सहन करणाऱ्या त्यांच्या बायका, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे हे,

कार्यक्रमपत्रिकेत माझं भाषण नाही. निवेदकांच्या हातातून मी माईक जवळजवळ हिसकावूनच घेतला, त्याबद्दल दिलगीर आहे. पण आधी एक विनंती. या टेबलावर, पुष्पगुच्छांच्या शेजारी, मखमली कापडाखाली जे स्मृतिचिन्ह आहे, त्याला कोणीही हात लावू नका. अध्यक्ष, तुम्हीसुद्धा. खुर्ची जरा मागे घ्या. अजून थोडी. आभारी आहे.

पुढच्या रांगेतून "हे काय मध्येच?" असं ऐकू आलं. सांगते ना, तेच सांगते.

कापडाखाली आपल्या जुन्या ट्रान्समीटरचा तेलाचा कपॅसिटर आहे. नव्या मंडळींसाठी सांगते. वीज साठवून ठेवणारा पत्र्याचा डबा, आत धातूच्या पातळ पट्ट्या आणि कागद यांचे थर, आणि सगळं तेलात बुडवलेलं. हजारो व्होल्ट जिथे हवेतून सहज उडी मारतील, तिथे ते तेल त्यांना अडवून धरतं. हा डबा ह्यांनी स्वतः बांधला, आमच्या लग्नाच्याही आधी.

खरं तर लग्न या तेलामुळेच झालं. मी वीज कंपनीच्या प्रयोगशाळेत तेल तपासायची. एक दिवस हे बाटली घेऊन हजर. "बाई, हे किती व्होल्ट सहन करेल?" मी तपासून म्हटलं, "काहीच नाही. यात पाणी आहे."

"पाणी कुठे दिसतंय?"

"दिसलं असतं तर मला पगार कशाला दिला असता?"

मग हे एरंडेल घेऊन आले. त्यातही पाणी. पुढच्या खेपेला मात्र तेल इतकं कोरडं निघालं की मीच विचारलं, केलंत काय? तर म्हणाले, "आईच्या पातेल्यात मंद आचेवर तापवत बसलो. आई म्हणाली, ज्या बाईसाठी तेल तापवतोस, यापुढे तिच्याच घरून पातेलं आण."

अशी आम्हाला मागणी आली. हसा, हसा.

आता मुद्द्यावर येते. आज दुपारी सत्कार समितीने हा कपॅसिटर चालतो का म्हणून शेवटचा चार्ज करून पाहिला. मग रीतसर रिकामा केला. इथवर ठीक. पण तेला-कागदाचा कपॅसिटर एकदा ठिणगी पाडून रिकामा होत नसतो. थोडा विजेचा भार आत मुरलेला राहतो आणि नुसत्या बसल्या जागी हळूहळू पुन्हा टोकांवर येतो. म्हणून त्याच्या दोन टोकांना जोडणारी एक तार कायम बांधलेली असते. हा आपल्या मंडळातला पहिला धडा. हे तर नव्या माणसाला चहा विचारायच्या आधी तो शिकवायचे!

मघाशी कापड सरकलं तेव्हा मी पाहिलं. डबा रंगवलाय, टोकांवर पितळी गोळे बसवलेत, आणि तार गायब.

समितीचे प्रमुख, ज्यांना आपण सगळे टापटीप म्हणतो, ते बघा खांबाआड उभे आहेत. त्यांना विचारलं. म्हणाले, "काकू, ती हिरवी पडलेली तार फोटोत फार वाईट दिसत होती हो. आणि मी स्वतः ती लाकडी मुठीची तांब्याची दांडी टोकांना लावून रिकामा केलाय, ठिणगी पाहिलीय!"

ठिणगी पाहिलीत! आणि त्यानंतर स्वागतपर भाषणं किती झाली, तीही पाहिलीत का? तेवढा वेळ तो डबा काय तुमचं कौतुक ऐकत बसला होता?

गेल्या वर्षी डॉक्टरांनी ह्यांच्या छातीत एक लहानसं यंत्र बसवलंय. हे सगळ्यांना ठाऊक आहे, भेटायला सगळे आला होतात. तरी मी ह्यांच्या कानात सांगितलं तेव्हा हे काय म्हणाले? "राहू दे गं, एवढ्या हौसेने केलंय पोरांनी. मी एक हात खिशात घालून घेईन." ह्यांचा जन्मभराचा नियम आहे तो. जिथे हाय व्होल्टेज, तिथे डावा हात खिशात, म्हणजे झटका छातीतून आरपार जात नाही. नियम उत्तम आहे. पण अहो, सत्कार एका हाताने घेतात का? अध्यक्ष डबा पुढे करणार, फोटोवाला म्हणणार "दोन्ही हात, सर, दोन्ही हात", आणि तुम्ही भिडेखातर खिशातला हात बाहेर काढणार. मी ओळखत नाही का तुम्हाला?

शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, घाबरलीस तरी ताठ उभी राहा आणि स्पष्ट बोल. तेवढंच करते आहे. खजिनदार मंडळाच्या खोलीतून दांडी आणि तार आणायला गेलेत. रस्त्यापलीकडे तर खोली आहे, अजून कसे... निवेदक, तुम्ही कापड नीट करायला जाऊ नका! हात मागे.

आले. आले एकदाचे. खजिनदार, दम नंतर खा. लाकडाला धरा, तांब्याला नाही. दुसरा हात खिशात. हं. लावा.

...

ऐकलंत सगळ्यांनी? मागच्या रांगेपर्यंत पोचला ना आवाज? तो तुमच्या रिकाम्या डब्याचा आवाज होता, टापटीप. रडू नका आता. इकडे या, ही तार घ्या, आणि तुमच्याच हाताने दोन्ही टोकांना घट्ट बांधा. फोटोत दिसली पाहिजे.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं आणि आपण ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभार. रागाच्या भरात कुणाला जास्त लागलं असेल तर पोटात घाला. मुलीकडे जातोय आम्ही. तिथल्या इमारतीत अँटेना लावू देत नाहीत, पण हा डबा खिडकीत राहील, तारेसकट.

तार बांधली? ओढून बघा. पुन्हा एकदा.

अहो, या आता पुढे. खिशातला हात काढा. घ्या, दोन्ही हातांनी घ्या.