गच्चीवरचा इशारा

हवामान खातं आता फार पुढे गेलंय म्हणता ना? मग माझ्या घरचं ऐका. मी त्याच खात्यात नोकरीला. मे महिन्यातली गोष्ट. सकाळी आभाळ कोरडं, पण दुपारी एकदम चित्र पालटलं. तासाभरात पाऊस, असा इशारा आम्ही सुरतभर मोबाइलवर धाडला. तेवढ्यात आठवलं, भेस्तानला आमच्या गच्चीवर वर्षभराचे बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, वाळताहेत! बायकोला सात वेळा फोन लावला. उचलेना. खुर्चीत बसवेना, शेवटी स्कूटर काढली.

गल्लीत शिरलो तर प्रत्येक गच्चीवर बिबडे. जिन्यातूनच ओरडलो, "अगं, इशारा आला नाही का?"

"आला की. सगळ्यांनाच आला."

"मग बिबडे काढले का नाहीत?"

"समोरच्या ताईंनी कुठे काढलेत?"

मी तसाच वर गच्चीच्या कठड्याशी धावलो. "ताई, पाऊस येतोय! तुम्ही तरी काढायचे ना!"

ताई जागच्या हलल्या नाहीत. "काय भाऊ, घाबरवता का? हवामानवाल्याच्या गच्चीवर अजून वाळताहेत, मग पाऊस येईलच कसा?"