माशांसाठी निळी ट्यूब

मला भांडकुदळ म्हणता ना? मग आळेफाट्याच्या दुकानात माझं तोंड कसं बंद झालं, तेही ऐका.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी पेपरात बातमीदार होतो आणि घरी खाऱ्या पाण्याची टाकी केली होती. तिच्यात रंगीत मासे आणि खडकावर जिवंत पोवळी. साध्या ट्यूबखाली पोवळी पांढरी पडायला लागली. त्यांना कडक निळसर उजेड लागतो, नाहीतर मरतात. पोवळी म्हटलं तर कळायचं नाही, म्हणून विजेच्या सामानाच्या दुकानातल्या शांतीशेठना मी फोनवर सांगितलं, "माशांसाठी निळी ट्यूब पाठवा, चांगली कडक."

ट्यूब आली, लावली. आठवड्यात पोवळी आणखीच फिकी. ट्यूब उचलली आणि दुकानात जाऊन आवाज चढवला, "शेठ, हा काय माल दिलात?"

"का भाऊ? मरत न्हाईत का?"

"मरायला टेकलीत!"

"मग बरं हाय की. दोन दिस थांबा, समद्या खलास व्हतील."

"अहो, जगवायला मागवली होती ट्यूब!"

शेठनी शेजारच्या हॉटेलाकडे बोट दाखवलं. तिथे भज्यांच्या परातीजवळ विजेच्या जाळीमागे तशीच निळी ट्यूब जळत होती आणि तिच्याखालच्या ट्रेमध्ये माश्यांचा खच पडला होता.

"टाकीतल्या माशांसाठी म्हणालो होतो मी," मी पुटपुटलो.

"टाकी कुठं म्हणाला राव? इतकी वर्षं बातम्या लिहिता, अन् मासा का माशी, ते सांगाया येईना!"

पुण्याहून योग्य ट्यूब शेठनीच मागवून दिली. पोवळी वाचली. खोक्यावर त्यांनी पेनानं ठळक लिहिलं होतं, 'न उडणाऱ्या माशांसाठी.'