अडकलेलं बटण

रक्ततपासणीच्या खोलीबाहेर शिक्षिकाबाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक वायरमन आणि त्याची बायको हळू आवाजात भांडत होते.

"सांगा आता डॉक्टरांना, परस्पर गोळी बंद केली म्हणून!"

"बंद नाही गं, टेस्टिंग केलं. जोड पक्का झाला का, हे मी टेप काढूनच बघतो."

"रक्ताचा कॅन्सर म्हणजे काय छताचा पंखा आहे?"

"रिपोर्ट स्वच्छ होता ना!"

"गोळी चालू होती म्हणून! काय समजावलं होतं त्यांनी?"

"की पेशीतलं घंटीचं बटण अडकलंय. दारात कुणी नाही, तरी घंटा वाजतेय, आणि पेशी आपल्या वाढतायत. गोळी म्हणजे घंटा बंद ठेवायला त्या बटणात मारलेली पाचर."

"आणि तुम्ही पाचरच काढलीत. आज काय आलं?"

"त्या बिघडलेल्या पेशींचा आरएनए रक्तात परत दिसतोय."

"मग?"

"मग काय! आजपासून पुन्हा गोळी. डॉक्टर म्हणेपर्यंत हात लावणार नाही. मेलो तरी गोळी चुकवणार नाही."

"मरायचं नाही म्हणूनच घ्यायचीय, अहो!"

बाईंनी पर्स उघडली. आत त्याच गोळ्यांची पट्टी होती, एकही गोळी न काढलेली.

"जरा पाणी देता का?"

वायरमनच्या बायकोने पट्टीकडे पाहिलं आणि बाटलीआधी बिस्किटाचा पुडा पुढे केला.

"आधी हे खा, ताई. उपाशीपोटी ही गोळी सोसत नाही."