मंगळवारचं स्वच्छ पान

शुक्रवार, सात मार्च. ऊन, पश्चिमेचा वारा, सकाळी चार अंश — एवढं लिहून घेतो, फेम्के, मग तुझ्याकडेच बघतो. हस, हस. मार्योलाइनही हसायची — म्हणायची, "गेरब्रांड, तू मरतानासुद्धा आधी हवामान लिहिशील." हां, तर कुठं होतो आपण? करारावरच्या तुझ्या सहीवर. पेन आहे ना? कॉफी घे आधी, निवतेय. बिस्कीट नको? मग मी घेतो.

तर आपेलडोर्नची कंपनी. पावाची पाकिटं बांधायची यंत्रं करतात, साठ माणसं, मालक हार्मेन. पूर्णवेळ कामकाजप्रमुख त्यांना नको, आपल्यासारखा हवाय — मंगळवारपुरता. उरलेले दिवस तुझ्या त्या दोन कंपन्यांना दे, शुक्रवार मोकळा ठेव. मोकळा ठेवच — आपण पाचजणांनी हे मंडळ काढलं कशासाठी? तीन-तीन ठिकाणी वाटले गेलेले आपण, कुणी कोसळू नये म्हणून. आणि नियम मीच केला — कंपनी दुसऱ्याकडे सोपवताना आपल्या वहीतलं एका महिन्याचं पान दाखवायचं, खरे तास, लपवाछपवी नाही. हे बघ. चार मंगळवार, प्रत्येकी आठ तास. अक्षर बरं आहे ना?

महिना कुठला? मार्च, गेल्या वर्षीचा — थांब, मूळ वहीत बघून सांगतो. मूळ म्हणजे — म्हणजे हे पान मी उतरवून काढलंय. का म्हणजे? खाडाखोड होती. थोडी. अगं, वाचायला त्रास नको म्हणून — बरं, हे बघ, बुधवार, तेरा मार्च. रिमझिम, आठ अंश. हार्मेनचा फोन, सात वाजून दहा. हार्मेन, नऊ चाळीस. हार्मेन, दुपारी सव्वादोन — हो, बुधवारीच. तो म्हणतो, "एकच मिनिट, गेरब्रांड." ते मिनिट पंचवीस मिनिटांच्या आत कधी संपलं नाही. दुसऱ्या कंपनीची बैठक चालू असायची आणि मी जिन्यात उभा राहून त्याच्या यंत्राच्या पट्ट्याचं, सुट्ट्या भागांचं, दोन फोरमनच्या भांडणाचं — किती? मंगळवार सोडून, त्या महिन्यात? एकेचाळीस. मोजलेत. मोजणारच मी, दुसरं येतं काय मला?

नाही, त्याला कधी सांगितलं नाही. तुम्हा सगळ्यांना शिकवलं — दुसऱ्याच्या दिवशी फोन उचलायचा नाही, पहिल्याच आठवड्यात मालकाला बजावायचं. मला तेवढं वाक्य बोलता येईना, म्हणून मी अख्खी कंपनीच आपल्या मंडळातल्या मार्योलाइनच्या गळ्यात बांधली. सप्टेंबरात. याच टेबलाशी. म्हणालो, शांत माणसं आहेत.

पान? हो. हेच दाखवलं तिला. हेच, फेम्के — आज परत तेच घेऊन आलोय. नवीन उतरवून काढण्याइतकीसुद्धा लाज वाटली नाही मला.

जानेवारीत ती गाडीतच बसून राहिली, ते तुला माहीत आहे. कुठल्या कंपनीच्या आवारात आलोय हेच तिला आठवेना. मांडीवर तिन्ही कंपन्यांची ओळखपत्रं, काचेवरचे वायपर चालू, पाऊस नव्हताच — कोरडा दिवस, उणे एक, ते मी नंतर लिहिलं. पहारेकऱ्यानं दोन तासांनी काच वाजवली. मी भेटायला गेलो तर तिनं केक कापला माझ्यासाठी. आणि म्हणाली — म्हणाली, "माझंच नियोजन चुकलं असणार. तुझं पान तर किती नीट होतं." मी काय बोललो, विचार ना. म्हणालो, "होतं असं कधीकधी." आणि केक खाल्ला. सगळा.

तेव्हापासून हार्मेन पुन्हा मलाच फोन करतो. म्हणून तुला बोलावलं आज. मंडळासाठी नाही, तुझ्यासाठी नाही — मला सुटायचं होतं. बस. हे बोलायचं नव्हतं, निघून गेलं तोंडातून.

ऐक — फोन. तोच. शुक्रवार आहे ना आज? नाही, तू हात लावू नकोस. वाजू दे. पालथा घालतो. बघितलंस, वाजतोय तर माझे खांदे कसे कानापर्यंत — थांबला.

दे तो कागद इकडे. पेनाचं टोपण लाव. काही बोलू नकोस, फेम्के, तू समजुतीनं बोललीस तर मी पुन्हा बिस्कीटच खात बसेन. सोमवारी मार्योलाइनकडे जातोय, ही मूळ वही घेऊन. आता जा तू. सायकल पडेल तुझी वाऱ्यात. जा म्हटलं ना.

अकरा वाजून दहा. वारा वाढला. फेम्केची सही झाली नाही. मंगळवार माझ्याकडे. हार्मेन, आज आत्तापर्यंत, तीन.