काकूंच्या हातचं जेवण

...आणि वर शाळेच्या त्या पुस्तिकेत मलाच प्रश्न, 'आपल्या घरी स्वयंपाकघर आहे का? असल्यास ते कोण वापरतं?' तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं हॉटेलात आचारी आहे मी, त्यातली अकरा वर्षं मुख्य आचारी, हाताखाली चौदा माणसं, सगळी मला वस्ताद म्हणतात, आणि शाळा मला विचारते घरी स्वयंपाकघर आहे का. आहे. दोन खोल्यांचं घर आहे, मागच्या खोलीत ओटा आहे, गॅस आहे, खिडकी आहे. कोण वापरतं? मी लिहिलं, 'सकाळच्या चहापुरतं मी, बाकी कोणी नाही.' आणि ते अगदी मनापासून खरं समजून लिहिलं.

कारण असं, की घरात माणसं दोन. मी आणि माझी लेक, सातवीतली. तिची आई... नाही, वारली वगैरे नाही, छान आहे, दोन तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावात आहे, दुसरा संसार आहे. लेक तिसरीत असताना आमचं फाटलं. तेव्हा न्यायाधीश बाईंनी मला एकच प्रश्न विचारला होता, लेक तिथेच बाकावर पाय हलवत बसली होती, 'तुम्ही दुपारी बाराला जाता, मध्यरात्री येता, मग संध्याकाळी मुलीला जेवायला कोण घालणार?' मी म्हटलं, खालच्या मजल्यावरच्या काकू. काकू स्वतः आल्या होत्या सांगायला. 'माझ्या नातीसारखी आहे, माझ्याकडे जेवेल.' झालं, त्या एका वाक्यावर लेक मला मिळाली.

तर शाळेचा तो उपक्रम. सहा शनिवार, घरी, पालकांनी शिकवायचं. सुरी धरणं, गॅस पेटवणं, भाजलं-कापलं तर काय करायचं, एक साधं जेवण, आणि शेवटी पालकांची मुलाखत, म्हणजे मुलांनी पुढे कोणतं काम करायचं याचा विचार करायचा म्हणे. बाराव्या वर्षी. मी पन्नाशीला आलो तरी अजून विचारच करतोय. वर्गात बातमी पसरली की हिचे बाबा आचारी, म्हणून औषधवाल्याच्या जुळ्या मुलीही माझ्याच गळ्यात. मी हॉटेलात सांगून टाकलं, सहा शनिवार मी दुपारी तीननंतर येणार. मॅनेजरने असं बघितलं जसं काही मी किडनी मागितली.

पहिला शनिवार, नियम. माझं भाषण ऐकून हॉटेलात धट्टीकट्टी माणसं घाबरतात, तर जुळ्यांचं काय. एकीने हळूच विचारलं, 'काका, आम्ही नुसतं बघितलं तर चालेल?' दुसरी म्हणाली, 'लांबून.' आणि माझी लेक कोपऱ्यात उभी, पूर्ण बाह्यांचा झगा घालून, तोंडातून अवाक्षर नाही. मी म्हटलं, चला, ही तरी नीट ऐकतेय.

दुसरा शनिवार, कांदा. जुळ्या कांदा असा कापत होत्या की कांद्यालाच रडू आलं असेल. आणि लेकीने काय केलं, बोटांची टोकं आत दुमडली, सुरी पेरांना टेकवली आणि खटखटखट... सारखा, बारीक, पारदर्शक. माझ्याकडे नवीन माणसाला हे यायला चार महिने लागतात हो. मी बघतच राहिलो. मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि पुढचा कांदा तिने अगदी वेडावाकडा कापला. मी काय समजलो? समजलो, दमली. संध्याकाळी हॉटेलात चौदा जणांना उभं करून सांगितलं, 'पोरीने पहिल्यांदा सुरी हातात धरली आणि असा कांदा कापला. रक्तातच आहे.'

तिसरा शनिवार, गॅस. जुळ्या दाराबाहेर उभ्या. लेक पुढे झाली, आधी वास घेतला, खिडकी उघडली, तोंड बाजूला केलं, मग पेटवला. पातेल्याचा दांडा आत वळवला. काम झाल्यावर न बघता, पाठमोरी असताना, हात मागे नेऊन खालचा सिलिंडरचा खटका बंद केला. न बघता. मी बावीस वर्षांचा होतो तेव्हा मला ही सवय लागली, तीसुद्धा एकदा भुवया जळाल्यावर. आणि मी, सव्वीस वर्षांचा अनुभवी माणूस, काय म्हणालो? रक्तातच आहे.

चौथा शनिवार. मी विचारलं, 'भाजलं तर पहिलं काय करायचं?' जुळ्या एका सुरात, 'टूथपेस्ट.' मी कपाळावर हात मारला. मग लेकीला विचारलं. ती म्हणाली, 'गार पाण्याखाली धरायचं. बर्फ नाही. वीस मिनिटं.' मी म्हटलं शाबास. तिचं वाक्य संपलं नव्हतं. 'पण त्याआधी स्टूल ओढून घ्यायचं. वीस मिनिटं उभं राहून पाय दुखतात.'

तुम्हाला सांगतो, हे कुठल्याही पुस्तकात नसतं. कोणी शिकवत नाही. हे त्यालाच माहीत असतं जो उभा राहिलेला असतो.

मी म्हटलं, 'बाही वर कर.' ती म्हणाली, 'कशाला?' मी म्हटलं, 'कर.' मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, बोटभर लांब पट्टा. तव्याच्या कडेचा. माझ्या हातांवर असे एकोणीस आहेत, रंगावरून मी वय सांगतो भाजल्याचं. हा दोन वर्षांचा होता. जुळ्यांना मी घरी पाठवलं. लेक ओट्याकडे बघत उभी. मी विचारलं कसं झालं, तर म्हणाली, 'आता दुखत नाही.' हे उत्तर आहे का?

मी खाली काकूंकडे गेलो. म्हटलं, 'काकू, पोर तुमच्याकडे जेवताना भाजली, तुम्ही मला सांगायचं तरी.' काकू गोंधळल्या. काठी टेकत पुढे आल्या. 'माझ्याकडे? अरे, माझं कंबरेचं हाड मोडलं त्याला दोन वर्षं झाली. मी उभीसुद्धा राहत नव्हते. मी तिला म्हटलं, बाळा, आता काय करायचं, तर ती म्हणाली, काळजी करू नका, बाबा हॉटेलातून डबा पाठवणार आहेत रोज. मी म्हटलं बरं झालं, हॉटेलातलं छान छान मिळतंय पोरीला.'

बघा आता. काकूंना सांगितलं बाबा डबा पाठवतात, मला सांगितलं काकू जेवायला घालतात. दहा वर्षांच्या पोरीने दोन म्हातारी माणसं दोन वर्षं झुलवली. हाड मोडल्याचंही मला माहीत नव्हतं, माझ्या येण्याजाण्याच्या वेळी त्यांचं दार बंदच असायचं.

आणि मी कसा होतो माहितीये? रोज सकाळी चहा घेताना विचारायचो, 'काल काकूंनी काय केलं होतं?' ती सांगायची, भात आणि बटाट्याची भाजी. कधी वाटीत माझ्यासाठी ठेवलेलं असायचं, 'काकूंनी पाठवलंय.' मी खायचो आणि सुरू व्हायचो, मुख्य आचारी ना मी. 'काकूंना सांग, कांदा घाईत परततात, रंग येऊ दे म्हणावं. काकूंना सांग, मीठ शेवटी नाही, मधे. काकूंना सांग, भाताला वाफ पुरली नाही.' ती मान हलवायची. 'सांगते.' आणि चार दिवसांनी वाटीत सुधारणा. मी म्हणायचो, बघ, या वयातसुद्धा काकू शिकतात, उगाच नाही मी त्यांना मानत. घरातलं मीठ संपायचं, तेल संपायचं, मी म्हणायचो काकू उसनं नेत असतील, नेऊ देत, पोरीचं करतात बिचाऱ्या.

रक्तात कसलं हो. दोन वर्षं मीच शिकवत होतो, चहाचा कप हातात धरून, काकूंना.

वर आलो. ती तिथेच उभी होती. मी म्हटलं, 'मला का नाही सांगितलंस?' ती म्हणाली, 'त्या बाईंनी विचारलं होतं ना, जेवायला कोण घालणार. तुम्ही काकू म्हणालात म्हणून मी इथे राहिले. काकू नाहीत म्हटलं असतं तर मला पाठवून दिलं असतं.'

आठ वर्षांची होती ती त्या बाकावर. मला वाटलं होतं, पाय हलवतेय, तिचं लक्ष नाही.

सोमवारी मी मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, संध्याकाळचं काम नको. तो म्हणाला, 'वस्ताद, संध्याकाळ म्हणजेच तर तुम्ही. सकाळी फक्त न्याहारी असते, अंडी आणि टोस्ट.' मी म्हटलं, अंडी द्या. आता पहाटे पाचला जातो, दोनशे अंडी फोडतो, तीनला घरी. आणि तिच्या आईला फोन केला. नसता केला तर चाललं असतं, मला माहीत आहे. पण अजून एक खोटं, आणि तेही पोरीच्या पाठीवर ठेवायचं... जमलं नाही. आई आली, तो डाग बघितला, भांडली नाही. भांडली असती तर मला बोलता तरी आलं असतं. एवढंच म्हणाली, 'परीक्षा झाली की मी तिला नेते.' आणि पहाटे पाच ते सात पोरीजवळ कोण, याला माझ्याकडे काकू नव्हत्या.

तरी सहा शनिवार आम्ही पूर्ण केले. शेवटच्या शनिवारी मुलाखत. ती वही घेऊन समोर बसली, 'तुमच्या कामात सगळ्यात आवडतं काय?' मी म्हटलं, माणसं पोटभर जेवतात ते. तिने लिहून घेतलं. 'सगळ्यात अवघड काय?' मी म्हटलं, संध्याकाळ. तिने वर बघितलं नाही, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'संध्याकाळ.' मग मी विचारलं, 'आणि तू पुढे काय होणार? रकाना कोरा आहे.' ती म्हणाली, 'बाबा, मी बाराच वर्षांची आहे.'

मे महिन्यात गेली. पिशवी मी भरली, तिने पुन्हा भरली, माझ्या घड्या तिला आवडत नाहीत. आता दर शनिवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळच्या बसने येते, संध्याकाळच्या बसने जाते. बाकी दिवस मी तीनला घरी असतो, एका माणसाचा भात लावतो आणि तो नेहमी सहा जणांना पुरेल इतका होतो.

परवा औषधवाल्याच्या जुळ्या आल्या. शाळेने तपासलेल्या पुस्तिका परत दिल्या होत्या, लेकीचीही त्यांच्याकडेच दिली होती. शेरा 'उत्तम'. शेवटच्या पानावर मुलांनी शिकवणाऱ्याबद्दल दोन ओळी लिहायच्या होत्या, ते पान मी आधी बघितलंच नव्हतं. तिने लिहिलं होतं, 'बाबा खूप छान शिकवतात. मला हे सगळं आधीपासून येत होतं पण मी सांगितलं नाही, कारण शिकवायला ते घरी थांबत होते.'

त्याखाली छापलेलं, 'पालकांनी वाचले. सही.'

केली सही. जुळ्या खाली थांबल्या होत्या, त्यांना पुस्तिका शाळेत परत न्यायची होती.