आईच्या तोंडाचं कुलूप

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आणि तिचा चाळिशीचा मुलगा होता. गतिमंद प्रौढांच्या केंद्राचं आज नाटक होतं, त्यात त्याचं काम होतं.

"आई, आज पहिल्या रांगेत बसून ओठ हलवायचे नाहीत."

"मी कुठे हलवते रे?"

"तालमीत माझं वाक्य तूच बोललीस."

"तू अडकलास की माझा जीव टांगणीला लागतो."

"मी अडकत नाही. वाक्य शोधतो. सापडतं मला."

"आणि नाहीच सापडलं तर?"

"तर मी थांबीन. तू पण थांब."

"बरं बाबा, तोंडाला कुलूप लावते."

"किल्ली माझ्याकडे दे."

बस आली. आम्ही चढलो.

"कुठे जायचं, मावशी?" कंडक्टरने विचारलं.

म्हातारीने ओठ घट्ट मिटले.

"अहो मावशी, तोंडाला कुलूप आहे का?"

"हो... आणि किल्ली... माझ्याकडे आहे. नाट्यगृह. दोन द्या."