पालखीचा उजवा दांडा

...आणि परत तेच! "हात वर कर बघू!" अरे, वर जात नाय म्हणून तर आलोय ना तुज्याकडं! वर गेला असता तर घरी बसून चा नसतो प्यायलो? तुमाला सांगतो, आमच्या उमरठ गावात नुसतं कळू दे, की महिपतचा खांदा दुखतो... म्हातारी असो, पोर असो, एसटीचा कंडक्टर असो, पयला शब्द काय? "हात वर कर बघू!" आणि मी पण येडा, दर वेळी करतो! खांद्याच्या बरोबरीत आला की अशी कळ जाते, भर दुपारी डोळ्यांपुढं काजवे!

झालं कशानं? अहो, मी महाडला एमआयडीसीत, गोदामात. गोण्यांची थप्पी लावायची, आणि सगळ्यात वरची गोणी डोक्यावर उचलून कोण सारणार? महिपत! का, तर उंच हाय म्हणून! बरं, दुखलं तर दुखलं, गरिबाचं अंग दुखायचंच. पण आमच्या घराकडं गावच्या पालखीचा पुढचा उजवा दांडा हाय हो, आज्यापासून! शिमग्याला देवी आमच्या खांद्यावर नाचते. आणि गावकीचा कायदा असा, की एका शिमग्याला खांदा चुकला की मान भावकीत दुसऱ्याला. दुसरा कोण? माजा चुलतभाऊ हैबती! तो तर माज्या बापाच्या तेराव्याला पण माज्या खांद्याकडंच बघत होता! आणि बाप जाताना मला काय म्हणाला? "महिपत, काय पण सोड, दांडा सोडू नको." आता सांगा, कसा सोडू?

म्हणून गेलो सोनबा हाडवैद्याकडं. "हात वर कर बघू!" केला. "नस चढलीय," म्हणाला, आणि माज्या बगलेत पाय रोवून हात असा ओढला, असा ओढला, की माजी बोंब पोलादपूरच्या स्टँडवर ऐकू गेली असंल! घरी आलो तर ठकूबाई, म्हणजे आमची मंडळी, तापलेली वीट घेऊन उभीच. "भाजतंय का हो?" भाजतंय! "मग लागू पडतंय!" आता हिला काय बोलायचं?

शेवटी महाडला वैदेहीबाई डॉक्टरांकडं गेलो. बाई शिकलेल्या, शांत, चष्मा वगैरे. म्हटलं, सुटलो एकदाचा. तर बाई म्हणतात, "महिपतराव, हात वर करा बघू." केला! तुमाला सांगतो, केला! पण बाईंनी नीट समजावलं हो. "खांद्यावर हाडाचं छप्पर असतं, त्याच्याखालून स्नायूची दोरी जाते. सारखं वर उचलून ती सुजलीये. हात वर गेला की ती मध्ये चिमटते, दाराच्या फटीत बोट सापडतं ना, तसं. चोळायचं नाही, ओढायचं नाही. काही आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचाच नाही. वाकून हात हलकेच झुलवा, खांद्यामागची पाती मागे आवळा, बर्फ लावा."

आता आमच्या वाडीत बर्फ कुठला? विहिरीच्या पाण्याचं फडकं लावलं. वाकून हात झुलवतोय तर शेजारची मंजुळा, "काय रे, खाली काय पडलंय तुजं?" झुलवू दे ना गो बाय! पण फरक पडला! शर्ट माजा मी घालायला लागलो. म्हटलं, बाबा, शिमग्याला तुमचा दांडा उचलतो मी. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

आणि गावकी बसली. देवळात मानकऱ्यानं उजवा हात वर करून देवीपुढं कबूल व्हायचं, की खांदा देतो. डावा चालत नाय. गुरव म्हणतो, "महिपत, हात वर कर!" मी नेला खांद्यापर्यंत, आणि थांबलो. डॉक्टरीणबाईंचा शब्द! तर हैबती दात काढून म्हणतो, "अर्धाच? का रे, अर्धाच मान घेतोस?" पेटलो ना मी! नेला खाडकन वर! आणि... आई गोऽऽ! अंग थरथरतंय, डोळे पांढरे, हात वर तो वरच, खाली येईना! आणि म्हातारी आवडी किंचाळली, "आली गो! आई अंगात आली!"

झालं! ढोल सुरू, कपाळाला मळवट, बाया पाया पडतायत. मी ओरडतोय, "अरे देवी नाय, खांदा! खांदा दुखतोय!" तर गुरव हात जोडून गावाला सांगतो, "ऐकलंत? आईला ह्या खांद्यावर दुखतंय! खांदा बदला!" आणि हैबती पयला माज्या पाया पडला हो! वाकला तो हैबती, उठला तो मानकरी! बाप आठवला, मी तिथंच ढसाढसा रडलो. तर गाव म्हणतं, आई प्रसन्न झाली!

आणि मला काय? मला मोठा मान! ज्याच्या अंगात आई येते, त्यानं दर शिमग्याला पालखीच्या पुढं चालायचं, घरोघर. कसं? दोन्ही हात वर करून! जरा खाली आले की मागनं आवडी, "आई, हात गो!"

परवा परत महाडला गेलो, बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा पुसला, आणि म्हणाल्या, "बरं... हात वर करा बघू."

केला. सवय झालीय आता.